नानांचं उरलेलं वाक्य

जळोची, ता. बारामती
रविवार, २५ एप्रिल १९९९

प्रिय बुद्धघोष,

जयभीम. 'प्रिय' लिहिलंय ते लिहायचं असतं म्हणून. याआधीचे कागद फाडून चुलीत घातले, कारण त्यांत शिव्याच जास्त झाल्या होत्या आणि आपण शाळेत मास्तरीण आहोत याचं मला भान राहिलं नव्हतं. या कागदातही काही गोडधोड मिळेल अशी आशा ठेवू नकोस. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून खिशात टाकायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

तुझं दिल्लीचं पत्र मंगळवारी शाळेत आलं. मधल्या सुट्टीत उभ्याउभ्याच वाचलं. हॉलंडला मोठी परिषद आहे, साऱ्या जगातून माणसं येणार आहेत, ज्यांच्या हातात सरकार नाही की फौज नाही, तरी जी देशादेशांतली भांडणं मिटवायला धडपडतात अशी साधी माणसं. आणि त्यांच्यापुढे अकरा मेला तू बोलणार आहेस. विषय काय, तर आपलं निरवांगी. गावातल्या दोन समाजांनी आपापसात समेट कसा केला आणि त्यातून जगानं काय शिकावं. वा रे वा! त्यासाठी तुला नानांचा एक फोटो हवाय, पांढऱ्या फेट्यातला, 'शक्यतो हसरा'. आणि जगाला नानांचा दोन ओळींचा संदेश. वाचलं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढच्या तासाला चौथीच्या पोरांवर उगाच खेकसले, त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

हसरा फोटो म्हणे! अरे, नाना मार्चपासून अंथरुणाला खिळलेत. खुब्याचं हाड मोडलंय. तुला कळवलं नाही, कारण त्यांनी शपथ घातली होती. आणि तू स्वतःच्या बापाबद्दल पत्रात 'नाना कसे आहेत' एवढंही विचारलं नाहीस, थेट फोटोच मागितलास. आता कसं पडले तेही ऐक. आपल्या शेजारची प्रयागबाई गेली. आई रानात असली की तुला मांडीवर घेऊन भाकरी कुस्करून चारायची, तीच. तिच्या मातीला नाना गेले. म्हाताऱ्या माणसानं घरी बसावं ना, पण नाही. आणि माती न्यायची कुठून, तर ओढ्यातून, कारण दुसरी वाटच राहिली नाही. दगडांवरून, बाभळीच्या काट्यांतून, तिरडी वाकडीतिकडी करत पोरं चालली होती आणि मागून नाना. शेवाळावर पाय गेला आणि आडवे झाले. प्रयागबाईला तिथंच काठावर खाली ठेवून पोरांनी आधी नानांना उचललं.

ती वाट तू विसरला असशील म्हणून सांगते. आपल्या वस्तीपासून मसणवट्यापर्यंत बांधाच्या कडेनं जायची, ती. दोन्ही अंगांना बाभळी होत्या. तू शाळेतून पळून तिथंच लपायचास आणि मी तुझा कान धरून आणायची. आपले आजोबा त्याच वाटेनं गेले, आजी गेली, धर्मांतराच्या आधी गेलेली माणसंही त्याच वाटेनं गेली. शेत विजयसिंहाच्या घराचं, वाट सगळ्यांची, असं कायम चालत आलं. त्याच्या बापानं कधी हरकत घेतली नाही. मग विजयसिंहानं ट्रॅक्टर आणला, कारखान्याचा ऊस वाढवायला निघाला आणि एका उन्हाळ्यात बाभळी तोडून, वाट नांगरून, बांधापर्यंत ऊस लावून मोकळा झाला. म्हणाला, कागदावर वाट कुठाय?

पुढच्याच श्रावणात आई गेली. तू तेव्हा श्रीलंकेत होतास, तिथल्या दोन बाजूंच्या लोकांना एका सतरंजीवर बसवायला. तुला यायला जमलं नाही, त्याबद्दल मी तेव्हाही बोलले नाही, आताही बोलत नाही. पण काय झालं ते तुला माहीत असू दे. ओढा भरून वाहत होता. कमरेएवढ्या पाण्यातून आईला नेली. रवींद्रनं, आपल्या चुलत्याच्या पोरानं, तिचं डोकं पाण्याला लागू नये म्हणून तिरडी खांद्यावरून वर धरली होती. तरी तिचं लुगडं भिजलंच. नाना काठावर उभं राहून नुसते बघत होते. आई आयुष्यभर पाण्याला भ्यायची रे. तिला नदीच्या बाजूला सुद्धा जायला नको वाटायचं. पुण्यानुमोदनाला तू आलास, पांढरे कपडे घालून छान बोललास, लोकांनी डोळे पुसले. त्यानंतर नानांनी इंदापूरला तहसीलदारांपुढे वहिवाटीचा दावा लावला. वाट मोकळी करून द्या, एवढंच मागणं.

आणि मग तू पाहुणे घेऊन आलास. मागल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. लंकेचे, पाकिस्तानचे, कंबोडियाचे, दोन गोरेही होते. आख्खी वस्ती सारवून, रांगोळ्या घालून आम्ही वाट बघत बसलो होतो. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! आपला बुद्धघोष या सगळ्यांशी फाडफाड इंग्रजीत बोलतोय आणि ते माना डोलावतायत. विहारापुढे मांडव घातला होता. विजयसिंह कडक इस्त्रीत आला, सोबत पेढ्यांचा खोका. तू पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं असणार की इथं आज समेट होतोय, बघाच. सगळे कॅमेरे तयार. तू नानांना म्हणालास, नाना, हात मिळवा. नाना उठले. त्यांना बोलायची घाई नसते, तुला ठाऊक आहे. विजयसिंहाकडे बघत म्हणाले, "मला कायबी नगं. गाडीवाट नगं, सडक नगं. तिरडी जाईल येवढी वाट द्या, मंग हा घ्या माझा हात." विजयसिंहाचा हात अर्ध्यातच थांबला, तो तुझ्याकडे बघायला लागला. आणि तू पाहुण्यांकडे वळून हसत इंग्रजीत सांगितलंस की माझे वडील म्हणतात, मला काही नको.

एवढंच. मला काही नको. आणि टाळ्या.

मी मागं बायकांत बसले होते. मला इंग्रजी बोलता येत नसेल तुझ्यासारखं, पण कळतं. मी उठून ओरडले, बुद्धा, पुढचं सांग! तू हातानंच मला बस म्हणून खुणावलंस, वर्गातल्या दंगेखोर पोराला खुणावतात तसं. टाळ्या वाजत होत्या, नानांना वाटलं आपलं म्हणणं पोचलं, मान्य झालं, म्हणून एवढे लोक टाळ्या वाजवतायत. त्यांचा चेहरा बघितलास का तू? मी बघितला. त्यांनी आपण होऊन हात पुढे केला. विजयसिंहानं पटकन धरला आणि पेढा त्यांच्या तोंडात कोंबला. तोच तो तुमच्या अहवालातला फोटो.

संध्याकाळी बारामतीच्या स्टँडवर तुला गाठून मी विचारलं होतं. तू म्हणालास, अक्का, सगळीकडे असंच असतं, आधी विश्वास, मागण्या नंतर. पहिल्याच दिवशी अट घातली की समोरचा उठून जातो. एकदा हात मिळाला की वाट आपोआप मिळेल, मी स्वतः पाठपुरावा करतो. मी ते खरं मानलं, कारण तू दहा देश फिरलेला आणि मी जळोची ते निरवांगी एसटीनं फिरणारी. पाठपुरावा काय केलास ते सांग. एक पत्र? एक फोन विजयसिंहाला? हात मिळून वर्ष उलटून गेलं, ऊस तुटला, खोडवा राहिला, तोही डोक्याबरोबर आला. वाट आपोआप कुठून उगवणार होती, उसातून?

तुमचं काम खोटं आहे असं मी म्हणत नाही, हे नीट ऐक. वाघा सीमेवर मेणबत्त्या घेऊन तुम्ही उभे राहिलात, त्या बातमीचं कात्रण नाना कोपरीच्या खिशात घेऊन फिरत होते, घडीवर फाटलं तर मला चिकटवून द्यायला लावलं. गेल्या मे महिन्यात बॉम्बची चाचणी झाली तेव्हा विजयसिंहानं चौकात पेढे वाटले आणि तुम्ही दिल्लीत मोर्चा काढला, ते पेपरात आलं. गावात नानांच्या तोंडावर लोक बोलले की तुमचा पोरगा देशाच्या विरोधात हाय. नाना चौकात उभं राहून म्हणाले, "माझं पोरगं भांडणं मिटिवतंय, लावत न्हाय." घरी येऊन तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. परवा लाहोरला बस गेली, मी वर्गात नकाशा लावून पोरांना दाखवलं, आमचा मामाही याच कामात आहे म्हणून माझा धाकटा मिरवत होता. दिल्लीहून लाहोरला वाट निघते रे बाबा. आपल्या घरापासून मसणवट्यापर्यंतच निघत नाही.

आता तुझ्या त्या अहवालाचं काय झालं ते सांगते, म्हणजे माझ्या तोंडाला इतकं विष का आलंय ते कळेल. तुमच्या संस्थेनं चकचकीत कागदावर छापलेलं ते पुस्तक तू अभिमानानं गावात पाठवलंस. विजयसिंहानं त्यातला फोटो मोठा करून बंगल्यात दर्शनी भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला दाखवतो, परदेशात छापून आलंय म्हणतो. आणि गेल्या तारखेला त्याच्या वकिलानं तेच पुस्तक, मराठी भाषांतरासकट, तहसीलदारांपुढे ठेवलं. अर्जदारानं स्वतः दहा देशांच्या माणसांसमोर 'मला काही नको' असं सांगितलेलं आहे, हात मिळवलेला आहे, पेढा खाल्लेला आहे, सबब वाद शिल्लक नाही, दावा निकाली काढावा. मी रजा घेऊन गेले होते. बाकावर बसून ते ऐकलं आणि मला पहिल्यांदा तुझी लाज वाटली. आमच्या लोकांनी सांगितलं की नाना वाटेचंही बोलले होते. वकील हसून म्हणाला, हे सगळे वस्तीतलेच, ते असंच म्हणणार. बाहेरचं माणूस आणा.

बाहेरचं माणूस कुठून आणू? विजयसिंहाची आई, शकुबाई, त्या दिवशी मांडवात पुढेच बसली होती. तिच्याकडे गेले. तिनं मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, रडलीसुद्धा. म्हणाली, "पोरी, वाट व्हती. मी नवी नवरी व्हते तवापास्नं बघितलीया. तुजा बा बोलला ते बी ऐकलंय. पर पोटच्या पोराच्या इरोधात कचेरीत कशी हुबी ऱ्हाऊ?" तिचं पोरगं तिला रोज दोन वेळचं वाढतं, तिनं तरी काय करावं? माझा राग तिच्यावर नाही. विजयसिंहावर आहे, पण त्यानं निदान कधी आपण शांततावाले आहोत असं सांगितलं नव्हतं.

तुमच्या त्या पाहुण्यांतल्या एकीचं मात्र नाव घेते, कारण शांततेचं काम काय असतं ते मला तिच्याकडून समजलं. नेलुम. लंकेची, डोक्यावरचे सगळे केस पांढरे. तिचा मुलगा फौजेत गेला आणि आलाच नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. ती ज्यांच्याशी तिच्या देशाचं युद्ध चाललंय त्यांच्या आयांना बरोबर घेऊन फिरते, हे तूच सांगितलं होतंस. जेवणं झाल्यावर मी तिच्या हातावर पाणी घालत होते, तर मोडक्या इंग्रजीत तिनं मला विचारलं की तुमची मेलेली माणसं कुठं असतात? बाकी पाहुण्यांनी रांगोळीचे फोटो काढले होते, शाळा बघितली होती. हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तिला घरामागं नेऊन ऊस दाखवला आणि पलीकडे बोट केलं. तिनं तिकडे बघितलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्यानंतर आमची पत्रं चालू आहेत, माझी मोडकी, तिची मोडकी. अहवाल वाचल्यावर तिनं लिहिलं की तुझे वडील खूप वेळ बोलले आणि तुझा भाऊ थोडाच वेळ बोलला, मला तेव्हाच खटकलं होतं, उरलेलं काय होतं? मी लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं. ती म्हणते, अहवाल दुरुस्त करायला लावते, पण दुभाष्यानं स्वतः कबूल केलं पाहिजे. आणि दुभाष्या तू.

नानांना यातलं काय माहीत आहे, हा प्रश्न तुझ्या मनात आला असेल तर बरं, म्हणजे अजून थोडा माणूस शिल्लक आहेस. त्यांना पुस्तकात काय छापलंय ते कचेरीतून आल्यावर रवींद्रनं सांगितलं. मला वाटलं आता कळलं. पण नाना पडल्यापडल्या काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "त्या सायबास्नी आपली बोली समजली नसंल. त्यांनी अर्धंच लिवलं. पोरगं तरी एकटं किती जणास्नी समजावनार?" त्यानंतर जो येईल त्याला ते हेच सांगतात. गोऱ्यांनी गाळलं, बुद्धानं सगळं सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगतात आणि मी मान हलवते. उशाशी ते वाघा सीमेचं कात्रण असतं. तुला हॉलंडला बोलावलंय हे त्यांना मी नाही सांगितलं, कुणीतरी सांगितलं. दिवसभर खुशीत होते.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. तारीख दहा मे, सोमवार, इंदापूर, सकाळी अकरा. तुझं विमान त्याच दिवशीचं, तुझ्याच पत्रात वाचलं. तहसीलदारांनी तोंडीच सांगितलंय की भाषांतर ज्यानं केलं तो येऊन बोलला तर ऐकतो, नाहीतर पुस्तक खरं धरून दावा निकाली काढतो. नानांनी मला बजावलंय, "त्याला बोलवू नगंस, त्याचं काम मोठं हाय." मी त्यांचं ऐकत नाही. तू आलास तर अगोदर घरी ये, शुक्रवारी बुद्ध पौर्णिमा आहे, तेव्हाच ये, आणि त्यांच्या अंथरुणाशी बसून तुझ्या तोंडानं सांग की गोऱ्यांनी नाही, मी गाळलं. मग कचेरीत सांग. नाही आलास तर कचेरीत मी उभी राहणार आहे. मी तिथं होते, मला इंग्रजी कळतं, माझ्या भावानं माझ्या बापाचं अर्धं बोलणं मुद्दाम सोडलं, असं शपथेवर सांगणार आहे. सख्खी बहीण भावाच्या विरोधात बोलतेय म्हटल्यावर तहसीलदारांना कदाचित पटेल, कदाचित नाही. पण नाना जीपमधून येणार आहेत, गादी टाकून, ऐकत नाहीत. मी बोलेन तेव्हा ते माझ्या शेजारी असतील. या वयात, त्या मोडक्या हाडानिशी, ते त्यांनी माझ्याकडून ऐकायचं की तुझ्याकडून, एवढंच तुझ्या हातात आहे. त्यांचा फोटो पाठवत नाही. संदेश हवा होता ना जगाला? तो त्यांनी मांडवात दिलाय, तुझ्याकडेच आहे.

काही झालं तरी तुझीच,
अक्का